दहा रुपयांचा झेब्रा: कुडाळच्या बाजारातलं माशांचं दुकान

कुडाळच्या बाजारात मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक अरुंद गाळा लागतो. दोन्ही भिंतींना दोन-दोन फुटी टाक्यांच्या तीन रांगा, मधून एकच माणूस चालेल एवढी वाट, आणि आत शिरताच ओल्या जाळीचा नि सुक्या खाद्याचा वास. नजरेच्या उंचीवर गोल्डफिश, एंजल, गप्पी. झेब्रा, म्हणजे निळ्या पट्ट्यांचा छोटा झेब्राफिश, मात्र सगळ्यांत खालच्या रांगेत, दाराजवळ. पाहायचे तर उकिडवं बसावं लागतं. दर नगाला दहा रुपये. गेल्या दीड वर्षात पाच खेपांत मिळून मी इथून साठेक झेब्रा नेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक मोठी तक्रार आहे आणि ती मालकांच्या समोर बसून बोलून झाली आहे.

मी हे मासे शोभेसाठी घेत नाही. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या फिश रूममध्ये मी सात वर्षं तंत्रसहाय्यक होते. हजारभर टाक्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीवर लिहिलेलं वाणाचं नाव आणि जन्मतारीख, आणि सकाळी दिवे लागायच्या आत हजर राहण्याची नोकरी. सासूबाईंच्या आजारपणात गावी परतले ती इथेच राहिले. आता आमच्या पडवीत तीन टाक्या आहेत, जुना घेतलेला एक स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे आणि शनिवारी सकाळी आजूबाजूच्या वाड्यांतली अकरावी-बारावीची मुलं येतात. त्यांना मी झेब्राची अंडी दाखवते. त्यामुळे मला दुकानाकडून हवं ते एवढंच: निरोगी, तरुण, अंडी देणारे मासे, आणि खरी माहिती.

पहिल्याच दिवशी मालकांनी पैशांच्या आधी एक प्रश्न विचारला. ‘‘ताई, पाणी खयचा घालतास? बावडेचा काय नळाचा?’’ तो प्रश्न ऐकून मी मनात त्यांना निम्मे गुण देऊन टाकले. आपल्याकडे विहिरी जांभ्यात खोदलेल्या. पाणी चवीला गोड, पण हलकं आणि किंचित आम्लधर्मी. झेब्राला साधारण सात ते साडेसात सामू (पीएच) आणि थोडे क्षार लागतात. संस्थेत आम्ही शुद्ध पाण्यात मोजून समुद्री मीठ आणि खाण्याचा सोडा घालायचो. इथे मालक म्हणाले, ‘‘तिसऱ्यांचे शिंपले धुवन-सुकवन कुटा नि फिल्टरात घाला. जेवन टाकून देतास ना, ताच कामाक येतला.’’ शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. पाणी आम्ल झालं की तो हळूहळू विरघळतो आणि सामू सावरतो. मी करून पाहिलं. पट्टीवर आमच्या विहिरीचं पाणी सहाच्या जरा वर दाखवत होतं, ते दहा दिवसांत सातला आलं आणि तिथेच राहिलं. त्यांच्या शेल्फावर सामू वाढवायची बाटली विकायला होती. ती त्यांनी मला दाखवलीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. जगभरच्या प्रयोगशाळा झेब्राचे गर्भ २८.५ अंशांवर वाढवतात. गर्भाच्या वाढीचं जे वेळापत्रक सगळे वापरतात ते त्याच तापमानाला धरून आहे. थंड देशांत त्यासाठी दिवसरात्र हीटर चालतात. आमच्या पडवीत मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आणि पुन्हा नवरात्रानंतर पाणी आपणहून सत्तावीस-अठ्ठावीसला असतं. थंडीच्या पहाटे तेवढा हीटर लावते. दुकानात मला तो घ्यायला कुणी आग्रह केला नाही. ‘जानेवारीत बघा, मग सांगा,’ एवढंच म्हणाले.

आता पहिल्या खेपेची गोष्ट. बारा मासे घेतले, घरी आणून निरखले तर नऊ नर. झेब्राचा नर सडपातळ, निळ्या पट्ट्यांमधली जागा पिवळसर सोनेरी. मादी पोटाला गोल आणि मधली जागा रुपेरी. जाळीने घाईत पकडताना चपळ नरच हाती येतात की काय कोण जाणे, पण माझ्याकडे तीनच माद्या, त्यातली एक पाठीला बाक आलेली. बाक आलेला मासा म्हातारा असतो किंवा आजारी. झेब्रांमध्ये क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले जंतू असतात, त्यानेही पाठ वाकते आणि मासा सुकत जातो. ती मादी मी वेगळी ठेवली, महिन्याभरात गेली. दुसऱ्या खेपेला हे सांगितलं तेव्हा मालकांनी वाद घातला नाही. काचेचा ग्लास हातात दिला आणि म्हणाले, तुमीच निवडा. तेव्हापासून अर्धा तास उकिडवी बसून मीच निवडते. तुम्हीही तसंच करा. ते कंटाळत नाहीत.

झेब्राच्या शेजारी आणखी तीन टाक्या आहेत. एकावर ‘लेपर्ड डॅनिओ’, अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके, पंधरा रुपये. दुसऱ्यावर ‘लाँग फिन’, पर लांब नि लहरते, वीस रुपये. तिसऱ्यावर ‘गोल्डन’, पट्टे फिके, अंग मधासारखं. गिऱ्हाइकाला या तीन वेगळ्या जाती म्हणून सांगितल्या जातात. त्या वेगळ्या जाती नाहीत. सगळे झेब्राच, डॅनिओ रेरिओ. एकेका जनुकातल्या बदलाने रूप पालटलेले. लेपर्डला तर शास्त्रज्ञसुद्धा बरीच वर्षं स्वतंत्र जात समजत होते. पुढे कळलं की रंगपेशी एकमेकींशी ज्या सूक्ष्म नळ्यांतून बोलतात त्या नळीचं एक जनुक बिघडलं की पट्टा तुटून ठिपके होतात. हे बदल कुणी प्रयोगशाळेत घडवलेले नव्हेत, माशांच्या वंशात आपोआप आले आणि लोकांनी आवडीने जपले. मी मालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक लेपर्ड आणि एक साधा झेब्रा एका टाकीत टाकून पाहिले. पिल्लं सगळी पट्ट्यांची झाली, कारण लेपर्डचा बदल दोन्ही आईबापांकडून आल्याशिवाय दिसत नाही. आता ते स्वतःच गिऱ्हाइकांना समजावतात. पाटी मात्र तीच आहे. बदला म्हणून मी दोनदा सांगितलं.

गोल्डनजवळ मी मुलांना जरा जास्त वेळ थांबवते. २००५ साली अमेरिकेत कीथ चेंग यांच्या गटाने या फिक्या झेब्रात नेमकं कुठलं जनुक बिघडलं आहे ते शोधलं. एसएलसी२४ए५ असं त्याचं नाव. मग त्यांनी तेच जनुक माणसात पाहिलं. युरोपीय लोकांमध्ये त्याचं एक बदललेलं रूप जवळजवळ सर्वांकडे असतं, आणि आफ्रिकी व पूर्व आशियाई लोकांत बहुतांशी जुनं रूप. माणसाचं जनुक गोल्डनच्या गर्भात घातलं तर माशाचे पट्टे पुन्हा गडद झाले. गोऱ्या-काळ्याचा एवढा मोठा गोंधळ आपण घालतो, आणि त्यातला एक भाग एका जनुकातल्या एका अक्षराचा. आमच्या शनिवारच्या मुलींमध्ये एकीला घरात रंगावरून बोलणी खावी लागतात. ती त्या टाकीतल्या माशाकडे बराच वेळ बघत होती.

अंडी कशी मिळवायची, ते दुकानात कुणी सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते. संध्याकाळी दोन माद्या आणि एक नर वेगळ्या भांड्यात ठेवा. तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्या, नाहीतर आईबाप आपलीच अंडी खातात. गोट्यांच्या फटींतून अंडी खाली जातात आणि वाचतात. (गोट्या याच दुकानात मिळतात, पण बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात निम्म्या भावात आहेत.) रात्री पूर्ण काळोख. सकाळी उजेड झाला की पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात नर मागे लागतो आणि मादी अंडी सोडते. चांगली मादी एका वेळी दोनशेपर्यंत देते. पिपेटने अंडी वेचून स्वच्छ पाण्यात घ्यायची, बुरशी येऊ नये म्हणून मिथिलीन ब्लूचा एखादा थेंब. ती निळी बाटली तीस रुपयांना इथूनच घेतली, वर्षभर पुरली.

आणि मग मायक्रोस्कोप. अंडं एक मिलिमीटरहून लहान, काचेसारखं पारदर्शक. पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात, मग दर पंधरा मिनिटांनी चार, आठ, सोळा. मुलं चहा पिऊन परत येईपर्यंत आकडा दुप्पट झालेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट हलते, डोळे दिसतात, आणि हृदय धडधडत असतं. रक्ताच्या पेशी एकामागून एक पळताना दिसतात. कापायचं नाही, टोचायचं नाही, नुसतं बघायचं. माणसाच्या किंवा उंदराच्या गर्भात हे सगळं आईच्या पोटात, अंधारात घडतं. या माशावर अर्धं जग का काम करतं, ते त्या एका नजरेत कळतं. तिसऱ्या दिवशी पिल्लं कवचातून बाहेर येतात. पाचव्या दिवशी स्वतः अन्न शोधू लागतात.

हा मासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना १८२२ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. शोभेचा मासा म्हणून तो परदेशी गेला. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर आनुवंशिकतेचं काम सुरू केलं आणि १९८१ साली एकाच मादीपासून हुबेहूब सारख्या झेब्रांचे वंश तयार करून दाखवले. जगात आज फार वापरला जाणारा ‘एबी’ हा वाण त्यांच्याच प्रयोगशाळेतला, आणि त्याचे मूळ मासे त्यांनी ओरेगॉनमधल्या ऑल्बनी गावच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेले. अशाच एका दुकानातून. म्हणून खालच्या रांगेतल्या टाकीपुढे बसताना मला कमीपणा वाटत नाही.

पण एक स्पष्ट सांगते, कारण दोन महाविद्यालयांतल्या ओळखीच्या शिक्षकांनी मला हे विचारलं आहे. दुकानातले मासे शिकवायला उत्तम, संशोधनाला चालणार नाहीत. त्यांचे आईबाप कोण, वय काय, आधी कुठली औषधं पाण्यात घातली, काहीच नोंद नसते. औषधाचा परिणाम मोजायचा असेल तर नोंदी असलेला वाण हवा. देशात काम कमी नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेने २००९ साली आपल्याकडच्या रानटी झेब्राचा जनुकसंच वाचला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या त्वचेवर काम चालतं. पुण्याच्या आघारकर संस्थेत हृदय आणि पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या हा मासा पुन्हा कशा घडवतो ते शोधतात. झेब्राच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ सालीच दाखवलं गेलं होतं. आपल्या हृदयाला झटक्यानंतर नुसता व्रण राहतो.

मी फिश रूममध्ये होते तेव्हा जनुक संपादनाचं तंत्र रोजच्या वापरात आलं होतं. माझं काम अंडी वेळेवर देण्याचं. एका पेशीच्या अवस्थेतलं अंडं हवं, म्हणजे हातात जेमतेम चाळीस मिनिटं. अगारच्या (घट्ट जेलीच्या) साच्यातल्या खाचांत अंडी ओळीने मांडायची आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने प्रत्येकात सुमारे एक नॅनोलिटर द्रव सोडायचा. त्या द्रवात दोन गोष्टी: कॅस९ नावाचं, डीएनए कापणारं प्रथिन, आणि कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनएचा छोटा धागा. प्रथिन त्या जागी डीएनए तोडतं, पेशी घाईने सांधते, सांधताना एक-दोन अक्षरं गळतात किंवा वाढतात, आणि जनुक बंद पडतं. मूळ शोध जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिये यांचा, २०१२चा. त्यासाठी त्यांना २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१३ साली हे तंत्र झेब्राच्या गर्भात चालवून दाखवलं गेलं.

नवीन माणसाचा हात बसला की नाही हे बघायला आम्ही काळा रंग बनवणारं टायरोसिनेजचं जनुक कापायला द्यायचो. दोन दिवसांनी बशीत बघायचं. हात बसला असेल तर पिल्लं पांढरी, अर्धवट बसला असेल तर अंगावर काळे-पांढरे तुकडे. कापणी सगळ्या पेशींत सारखी झालेली नसते म्हणून ते तुकडे. याच कारणाने पहिल्या पिढीवर फारसा विश्वास ठेवता येत नाही. मासा मोठा व्हायला तीन महिने, मग त्याची साध्या माशाशी वीण, पिल्लांच्या शेपटीचा कण कापून तपासणी, बदल वाहणारे नर-माद्या निवडून पुन्हा वीण. दोन्ही प्रती बिघडलेला मासा हाती यायला नऊ महिने ते वर्ष. वर्तमानपत्रात ‘जनुक कापलं’ एवढं एका ओळीत येतं. त्या ओळीमागे कुणीतरी रोज सकाळी आर्टेमिया, म्हणजे माशांच्या खाद्याचे बारीक जीव, उबवून टाक्यांना खायला घातलेलं असतं.

त्याआधी जनुक बंद करायला मॉर्फोलिनो नावाचं रसायन वापरायचे. झटपट निकाल मिळायचा. पुढे नीट कापलेल्या माशांशी ते निकाल ताडून पाहिले, तेव्हा अनेक ठिकाणी मेळच बसेना. काही निकाल रसायनाच्या त्रासाचे होते. काही ठिकाणी उलट झालं होतं: जनुक कायमचं तुटलं की मासा दुसरं, तसंच जनुक जास्त चालवून उणीव भरून काढतो. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचं दोन वर्षांचं काम असं बाद झालं. तिने ते लपवलं नाही, प्रबंधात लिहिलं. मला ती मुलगी फार आवडायची.

हे सगळं मी इथे का सांगते आहे त्याला एक कारण घडलं. गेल्या श्रावणात दुकानात माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलीला मासे दाखवत उभ्या होत्या. मुलगी सहा-सात वर्षांची. तिला तान्हेपणापासून फिट्स येतात. मुंबईला रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी जनुकात दोष आहे म्हणून सांगितलं. मालक आणि मी बोलत होतो ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मला विचारलं, ‘‘ह्या माशांवर फिट्सचा औषध काढतत, ह्या खरा काय?’’

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. माणसाच्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्क्यांना झेब्रात जोड, म्हणजे त्याच वंशाचं जनुक, सापडते, हे २०१३ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा मोजलं गेलं. रोगाशी नातं असलेल्या जनुकांत तर प्रमाण ८२ टक्के. ड्रावे सिंड्रोम नावाचा, लहान मुलांना होणारा अपस्माराचा एक कठीण प्रकार आहे. त्यात एससीएन१ए हे जनुक बिघडलेलं असतं. त्याचीच जोड बिघडलेल्या झेब्राच्या पिल्लांना आपोआप झटके येतात. २०१३ साली कॅलिफोर्नियात स्कॉट बराबान यांच्या गटाने या पिल्लांवर ३२० संयुगं तपासली आणि क्लेमिझोल या ॲलर्जीवरच्या जुन्या औषधाने झटके थांबतात असं त्यांना दिसलं. तिथून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत वाट गेली. दुसरं उदाहरण २०१९चं. फिलाडेल्फियात बारा वर्षांच्या एका मुलाच्या लसिकावाहिन्या (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) भलत्या फोफावल्या होत्या, श्वास घ्यायला त्रास, पायांना प्रचंड सूज. त्याच्या एआरएएफ जनुकातला बदल डॉक्टरांनी झेब्रात घातला, माशालाही तसाच बिघाड झाला, ट्रॅमेटिनिब या कर्करोगावरच्या औषधाने तो बराच सुधारला, आणि मग ते औषध मुलाला दिलं. त्याची सूज उतरली, श्वास मोकळा झाला.

दुसरी बाजूही मी सांगितली. बराबान यांच्याच गटाने पुढे लहान मुलांच्या गंभीर अपस्माराशी जोडलेली जनुकं एकेक करून कापली आणि चाळीसेक वाण तयार केले. आपोआप झटके त्यांतल्या ८ वाणांतच स्पष्ट दिसले. माणसात जिथे एक जनुक, तिथे माशात पुष्कळदा तशीच दोन असतात, एक बिघडलं तर दुसरं सांभाळतं. माशाला फुप्फुसं नाहीत, मेंदू आपल्याहून फार साधा. तेव्हा माशात चाललं ते मुलीत चालेलच असं नाही, आणि कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही, बंद तर मुळीच करायचं नाही. त्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे कोणतरी बघता आसा.’’ मी हो म्हटलं. मालकांनी त्या मुलीला सहा झेब्रा पिशवीत भरून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मुलीने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

आता तक्रार. दुकानात शिरताना डाव्या हाताला निळ्या दिव्याखाली एक टाकी होती, त्यात भडक गुलाबी, हिरवे, नारिंगी मासे. पाटी ‘कलर झेब्रा’, जोडी दीडशे रुपये. लहान मुलं तिथेच खिळतात. काही रंगीत मासे रंग टोचून किंवा रंगात बुडवून केलेले असतात, तो रंग काही आठवड्यांत उतरतो आणि मासा लवकर मरतो. हे तसे नव्हते. निळ्या उजेडात ते स्वतः चमकत होते. हे जनुकीय बदल केलेले मासे. १९९९ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात पाण्यातलं प्रदूषण ओळखायला मदत व्हावी म्हणून जेलीफिशचं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक झेब्रात घातलं गेलं. पुढे अमेरिकेत शोभेचा मासा म्हणून त्यांची विक्री सुरू झाली. भारतात मात्र पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांप्रमाणे असे सजीव मंजुरीशिवाय आयात करता किंवा विकता येत नाहीत.

मी मालकांना सांगितलं तेव्हा ते दुखावले. घाऊक व्यापाऱ्याने ‘इम्पोर्टेड रंग’ म्हणून माल दिला होता, पावतीवर नुसतं ‘झेब्रा’ लिहिलेलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. पण माहीत नव्हतं म्हणून ते कमी गंभीर होत नाही. आम्ही संस्थेत एकेका बदललेल्या माशाचा हिशेब द्यायचो. गटाराच्या तोंडाला दोन-दोन जाळ्या होत्या, एक अंडंसुद्धा बाहेर जाऊ नये म्हणून. आणि इथे तेच मासे पिशवीतून कुणाच्याही घरी जातात. कोकणात घरामागे वहाळ असतो. परीक्षा आली, कंटाळा आला की मुलं मासे वहाळात सोडतात, आणि त्यांना ते पुण्याचं काम वाटतं. ब्राझीलमध्ये मत्स्यपालन केंद्रांतून निसटलेले चमकणारे झेब्रा तिथल्या जंगलातल्या ओढ्यांत सापडले, आणि त्यांची वीण वर्षभर, पावसाळ्यात सर्वांत जास्त, चालू होती. आपल्या वहाळांत झेब्राचे चुलत भाऊ असणारे रानटी डॅनिओ राहतात, निळ्या-सोनेरी रेघांचे, बोटाएवढे. पहिल्या पावसात शेतात चढणीचे मासे धरायला जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले आहेत. त्यांच्या जागेत हे नवे पाहुणे मला नकोत.

साधा झेब्रासुद्धा वहाळात सोडू नका. आणि कुणी ‘घरच्या घरी जनुक संपादन’ असली पेटी मागवायची गोष्ट काढली तर त्यालाही थांबवा. आमच्या शनिवारच्या दोन मुलांनी काढली होती. मी त्यांना मंजुरी कुणाकुणाची लागते ते सांगितलं आणि मग म्हटलं, आधी सोळा पेशींच्या अंड्याचं चित्र न चुकता काढून दाखवा. त्यातला एक आता सुंदर चित्रं काढतो.

मालकांनी ती टाकी लगेच हलवली नाही. दिवाळीत गेले तेव्हा तिथेच होती. होळीच्या आधी गेले तेव्हा त्यात तीन मासे उरले होते आणि पाटी काढलेली. नवा माल घेतला नाही म्हणाले. ते तीन विकणार नाही, मरेपर्यंत सांभाळणार, असंही म्हणाले. निळा दिवा आता गप्पींवर आहे.

बाकी सेवेबद्दल थोडक्यात. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, दोन रबर लावून पक्कं बांधतात. एसटीच्या दीड तासाच्या प्रवासात माझा एकही मासा दगावला नाही. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. खाद्य थोडं महाग. स्पंज फिल्टर चांगला, एअर पंप मात्र स्वस्तातला घेऊ नका, माझा चार महिन्यांत बंद पडला आणि तो बदलून मिळाला नाही. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा. तो इथे मागितला तर दोन-तीन दिवसांत मागवून देतात. गणपतीत दुकान पाच दिवस बंद असतं.

गेल्या आठवड्यात माझ्या टाकीत जन्मलेले आणि वाढलेले बत्तीस झेब्रा मी त्यांना नेऊन दिले, बदल्यात आर्टेमियाचा डबा घेतला. तीन महिन्यांचे आहेत, आईबापांची नोंद माझ्या वहीत आहे. खालच्या रांगेत, दाराजवळ. यात माद्या बऱ्याच आहेत. ग्लास मागून घ्या आणि स्वतः निवडा.